काहिलीतून नदीपार
गुऱ्हाळावरून जाताना उकळत्या रसाचा वास आला की मला पंचगंगेचा पूर आठवतो. मी तेव्हा नदीपलीकडच्या गावात शिक्षिका होते, कोल्हापुराहून रोज नावेनं ये-जा करायची. त्या दुपारी पाणी चढलं, नाव बंद झाली आणि अंगावर पिणारं माझं बाळ अलीकडे घरी. गावातली एक दूधवाली गूळ शिजवायच्या लोखंडी काहिलीत दोन भरलेले कॅन घेऊन शहराकडे निघाली होती. तिचा नवरा पोहत काहील ढकलणार होता. "बसा बाई, पर हलू नगा," ती म्हणाली. मधोमध काहील गरकन फिरली, मी घाबरून उठले आणि पाणी भसकन आत आलं. "वजन टाक!" नवरा ओरडला. तिनं मला खाली दाबलं आणि एक कॅन नदीत ओतला, लगेच दुसराही. गढूळ पाण्यात पांढरी रेघ लांबत गेली. काठावर मी रडत माफी मागू लागले, तशी रिकामे कॅन उचलत ती खेकसली, "म्हस सांच्याला परत दील की! तुमचं लेकरू भुकंलं आसंल, पळा!" ते लेकरू आज पन्नाशीचं आहे, पण त्या दिवशी त्याच्या पोटात गेलेलं दूध माझं होतं, असं मला अजून म्हणवत नाही.