छपरावरची उघडी नळी

गोंदियाच्या साहेबाला थंडी फार वाजायची. त्यानं विलायतेहून लोखंडी फासळ्या मागवून खोल्याखोल्यांत भिंतींना लावल्या. मागच्या पडवीत भट्टी, तिच्यावर पाण्याचा हंडा, हंड्यातलं गरम पाणी नळांनी फासळ्यांत फिरायचं. छपरावर टाकी. टाकीतला एक नळ हंड्याला पाणी पुरवायचा. हंड्यातून निघालेली दुसरी नळी टाकीवर काठीच्या मुठीसारखी वाकलेली, तोंड उघडं. साहेब गेल्यावर बंगला आमच्या राइस मिलच्या शेठजींनी घेतला. भट्टी पेटवणारा चिचगडकडचा म्हातारा चौकीदार भट्टीसोबतच त्यांच्याकडे आला. त्याचं बिऱ्हाड बंगल्यामागच्या खोलीत.

एका हिवाळ्यात शेठजींच्या आईचे गुडघे धरले आणि नेमक्या तेव्हाच फासळ्या गार पडल्या.

"बुढा आलसी हो गया है," शेठजी मला म्हणाले. "मिस्त्री, तुम देखो. शाम तक अम्मा का कमरा गरम नहीं हुआ, तो ये अपने गाँव जाएगा."

मी मिलचा फिटर. वाफ आपल्याइतकी जिल्ह्यात कुणाला कळत नाही, ही माझी पक्की समजूत. ऐटीत छपरावर चढलो. पाहतो तर वाकड्या नळीतून उकळतं पाणी आणि वाफ भसाभस टाकीत पडतेय. चोर सापडला. मिलमध्ये उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान वाफवताना आम्ही वाफेची एक फट ठेवत नसू. दिसली फट की बारदान आणि माती. इथेही तेच केलं. नळीत लाकडी बूच ठोकलं, वर ओलं बारदान, त्यावर चिकणमाती, त्यावर तारेचे फेरे.

खालून चौकीदार ओरडला, "मिस्तरी, ते तोंड कायले बुजवून राहिला? सायेब त्याले हात लावू देत नोहता."

"साहेब गेला, बाबा."

"भट्टी दम घेते तिथून."

"तुमच्या भट्टीला दमा झालाय. औषध देऊन राहिलो."

अंगणातले सगळे हसले. मी दंडारीच्या खेळातल्या राजासारखा शिडीवरून उतरलो आणि त्याला म्हणालो, "आता घाला लाकडं, हात आखडू नका."

तासाभरात अम्मांच्या खोलीतली फासळी तापली. शेठजी "वाह" म्हणाले. मी मान लववतोय तोवर पडवीत हंडा घुमू लागला, आणि त्याच्या नळाचा सांधा फुटला. उकळतं पाणी चौकीदाराच्या उजव्या हातावर गेलं, खांद्यापर्यंत.

लोक त्याच्याकडे धावले, मी छपराकडे. बूच उपटून विहिरीत टाकलं. मग टाकीत हात घातला. हंड्याला पाणी देणारा नळ गाळानं आणि कडुलिंबाच्या पाल्यानं गच्च बसला होता. नवं पाणी हंड्यात जातच नव्हतं. उरलेलं उकळून वरून ओकत होतं. तार घालून पाच मिनिटांचं काम.

"क्या हुआ?" शेठजींनी चौकीदाराला विचारलं.

तो हाताला केळीचं पान गुंडाळून बसला होता. म्हणाला, "मिस्तरीले इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. तोही.

"आग ज्यादा हो गई," मी म्हणालो.

शेठजींनी त्याला कामावरून काढलं; दुसऱ्या दिवशी बायकोसकट तो बैलगाडीनं चिचगडला गेला. मी सांधा जोडला, नळ साफ केला, नळीचं तोंड उघडं ठेवलं. हिवाळाभर फासळ्या छान तापल्या. अम्मा रोज सकाळी माझ्या डोक्यावर हात ठेवायच्या, आणि मी रोज वाकायचो.