लसणाचं तेल

आज फोडणीत लसूण करपला आणि नाशिक रोडच्या क्वार्टरमधलं आमचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आलं. आई पाटावर डोकं टेकून कुशीवर पडलेली, आणि आजी तिच्या डाव्या कानात लसणाचं कोमट तेल सोडत होती. आदल्या संध्याकाळी बाबांनी तिच्या कानशिलात भडकावली होती. शेजारणीला मात्र आजी म्हणाली, "गारठ्यानं ठणकतोय हो कान."

कानाचा पडदा फाटला होता, आणि आजी त्यात तेल ओतत होती! आई कळवळली. बाबा निवांत पेपर वाचत होते.

तो कान कायमचा गेला. चक्कर येते म्हणून आई आजही भिंत धरून चालते.

आत्ता हॉलमधून बाबा तिच्यावर खेकसले, "बहिरी आहेस का गं?"

मी गॅस बंद केला आणि बाहेर येऊन म्हणाले, "हो. तुमच्या हातानं."