हवालदाराची खुर्ची

सलूनवाल्याचं अर्धं दुकान वस्तऱ्यावर चालायचं आणि अर्धं गप्पांवर. कुणाच्या सासूने काय केलं, कुणाचं कुठे जमलं, सगळं तिथे कळायचं. आणि मग ठाण्यात नवे साहेब आले. त्यांनी काढला हुकूम: प्रत्येक हवालदाराने आपल्या भागातल्या एका दुकानात रोज तासभर बसायचं, लोकांशी मैत्री करायची. इथल्या हवालदाराने नेमकं सलून निवडलं. का? तर पंखा बरा होता!

माणूस वाईट नव्हता हो. सगळ्यांच्या पोराबाळांची चौकशी करायचा. पण वर्दी आत आली की गिऱ्हाइकांची दातखीळ बसायची. अर्धी दाढी सोडून पळता येत नाही म्हणून बसायचे, पुन्हा मात्र फिरकायचे नाहीत. गल्लीत कुजबुज सुरू झाली, सलूनवाला खबऱ्या झाला. लहानपणापासूनचा मित्र सुतार, "ए टकल्या, हो बाजूला" म्हणत घुसणारा, तोही घरीच गाल कापून घेऊ लागला. हे मात्र सलूनवाल्याच्या फार जिव्हारी लागलं.

"हवालदारसाहेब, नका ना येत जाऊ," एकदा हिय्या करून तो म्हणाला.

"मला काय हौस आहे? वरून हुकूम आहे," हवालदार म्हणाला. "शिवाय तुमच्याशिवाय कोणी बोलतंय का माझ्याशी?"

आता याला काय म्हणावं! कपाळ बडवून घ्यायचं, दुसरं काय.

मग चौकात मारामारी झाली आणि पोलिसांनी सुताराच्या धाकट्या भावाला उचललं. तो नुसता बघत उभा होता. सकाळी सुतार दारात हजर. सलूनवाल्याने आनंदाने खुर्ची झटकली.

"दाढी नको," सुतार खाली बघत म्हणाला. "तुझा शब्द चालतो तिथे. एवढं कर."

"अरे, माझा कसला शब्द? मी कोण?"

"नाही करणार ना? वाटलंच होतं."

नाही गेला तर मित्राचा भाऊ आत, गेला तर खबऱ्याचा शिक्का कायमचा. काय करणार बिचारा? गेला. हवालदार आत जाऊन नव्या साहेबांशी दोन शब्द बोलून आला आणि धाकटा बाहेर. इतकं सोपं! निदान थोडं तरी अडवायचं होतं मेल्यांनी, असं सलूनवाल्याला वाटलं.

संध्याकाळी सुतार आला. दारातच थांबला.

"फार उपकार झाले तुमचे."

"तुमचे?" सलूनवाला ओरडलाच. "अरे, टकल्या म्हण की गाढवा! बस इथे."

सुताराने हात जोडले. "येतो, साहेब," म्हणाला आणि पायरी उतरला.