अस्वलाशी अबोला

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. भाजी चिरताना त्या भाजीशी बोलतात, कुकरने वेळेवर शिट्टी दिली नाही तर कुकरला झापतात, आणि उरलेलं सगळं मी ऐकते. त्यामुळे अस्वलांच्या बचाव केंद्रात त्यांना पिल्लाला दूध पाजायचं काम मिळालं आणि तिथली पहिली अट ‘बोलायचं नाही’ अशी आहे हे कळलं, तेव्हा मी पोट धरून हसले. “आठवड्यात घरी परत येताय तुम्ही,” म्हटलं.

अट मात्र हसण्यासारखी नव्हती. पिल्लाच्या आईला पित्ताशयासाठी मारलं होतं. ते वाळवून औषध म्हणून चोरून विकतात. पिल्लूही विकायलाच निघालं होतं, गाडीच्या डिकीत, पोत्यात सापडलं. मोठं झाल्यावर त्याला जंगलात सोडायचं होतं. पण माणसाचा लळा लागला, तर ते जंगलात दिसेल त्या माणसाकडे जाणार, आणि तो माणूस नेमका फासे लावणारा निघणार. म्हणून असं पिल्लू सोडतच नाहीत. जन्मभर पिंजऱ्यात राहतं.

जाऊबाईंनी मूग गिळले. तोंडाला फडकं, अंगात माणसाचा वास झाकायला पाचोळ्यात ठेवलेला झगा, हातात बाटली. पिल्लू दूध पिताना घशातून गुणगुणायचं. “अगं, इतकं गोड गुणगुणतो मेला, आणि मी आपली खांबासारखी उभी!” हे घरी येऊन मला. त्याच्याशी न बोललेलं सगळं माझ्या कानांवर आदळायचं. त्याची नखं, त्याची शी, तीसुद्धा जेवताना. मी वैतागायचे, खोटं कशाला बोलू.

वर्ष सरलं. सोडण्याआधी परीक्षा होती. कुंपणात एक अनोळखी माणूस गेला, तसं पिल्लू सरसर झाडावर चढलं. सगळे खूश. मग केंद्राच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता तुम्ही जा.” जाऊबाई आत गेल्या आणि ते धावत त्यांच्याकडेच आलं. अबोला पाळता येतो हो, पण अंगाच्या वासाचं काय करणार?

जाऊबाई मला सांगत होत्या, “म्हटलं, आपल्याच हातानं याला पिंजऱ्यात घातलं.”

आणि त्यांनी तोंड उघडलं. वर्षभराचा साठा होता. “हो बाजूला! निघ म्हणते ना! पुन्हा जवळ आलास तर तंगडं मोडीन!” तो आवाज पिल्लानं कधी ऐकलाच नव्हता. आम्हाला सवय आहे, तरी आम्ही दचकतो. ते उलटं फिरलं आणि थेट शेंड्यावर जाऊन बसलं.

एकदा पळून भागत नाही, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं पडलं. मग जाऊबाई रोज आत जायच्या, डबा बडवायच्या, ओरडायच्या आणि घसा बसवून घरी यायच्या. घरात शांतता झाली. मला ती मुळीच आवडली नाही.

शेवटच्या दिवशी त्या रिकाम्या हातांनी, गप्प आत गेल्या. पिल्लानं त्यांना नुसतं पाहिलं आणि झाड गाठलं.

घरी आल्या त्या ओट्याला टेकून रडायलाच लागल्या. मी घाबरले. “अहो ताई, पास झाला ना तो?”

“झाला गं. जाईल आता जंगलात.” त्यांनी पदरानं नाक पुसलं. “पण एकदा तरी वळून बघायचं ना मेल्यानं!”

मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो नुसताच हातात धरला.

“बघितलं असतं, तर नापास झाला असता,” त्या म्हणाल्या.