ज्याचं पडलं त्यानं सांगायचं

आमच्या उपासनामंदिराची पश्चिमेकडची भिंत पडली, त्या दिवशी मला देवाचा राग आला होता. पाळकाने असं लिहू नये, पण खरं तेच आहे. आषाढातला गुरुवार होता. खोपोलीच्या घाटाखाली तीन दिवस पाऊस नुसता कोसळत होता. मी दाढी करत होतो, आणि माझी बायको शांता दारातूनच म्हणाली, "अहो, भिंत बसली." पडल्याचा आवाज असा आलाच नव्हता. ओल्या मातीची भिंत कोसळत नाही, दमलेल्या माणसासारखी खाली बसते. मी तोंडावरचा साबण तसाच घेऊन धावलो. टेकू होते, पत्रे होते, आणि एका बाजूने सरळ डोंगर दिसत होता.

मी मूळचा नगरकडचा. त्या सुमारास साजगावच्या बाजूला नवे कारखाने उभे राहत होते आणि आमच्या भागातली काही ख्रिस्ती कुटुंबं तिथे कामाला आली होती. सात घरं होती. त्यांना पाळक नव्हता, म्हणून वरिष्ठांनी मला पाठवलं. पहिलं वर्षभर आम्ही चाळीतल्या दाविद फिटरच्या खोलीत जमायचो. पण शेजारी रात्रपाळी करून आलेले कामगार रविवारी सकाळी झोपलेले असत आणि आमची झांज ऐन रंगात आली की भिंतीवर थापा पडत. "तुमचा देव बहिरा हाय का?" असं एकाने विचारलंही. तक्रार रास्त होती. शेवटी चाळमालकाने जमायला मनाई केली. तेव्हा राघोबा नावाच्या एका शेतकऱ्याने ठाकरवाडीच्या पायथ्याशी असलेला आपला वरकस तुकडा आम्हाला वापरायला दिला. त्यात भात होत नव्हता, म्हणून दिला, असं तो स्वतःच सांगायचा.

त्या तुकड्यावर मी मंदिर बांधलं. इथे 'मी' हा शब्द मुद्दाम लिहितो आहे, कारण तेव्हा माझ्या मनात तोच होता. गावाकडून माझा चुलतभाऊ गवंडी म्हणून आणला. कच्च्या विटा पाडल्या, नगरकडे घालतात तशा जाड मातीच्या भिंती घातल्या, वर पत्रे टाकले. राघोबा दोनदा येऊन बघून गेला. पाळकाला तिकडे मास्तरच म्हणत. दुसऱ्यांदा म्हणाला, "मास्तर, हितला पाऊस तुमच्या गावचा नाय. छपराची पाखं लांब सोडा, नायतर कारवीचा कूड घाला. ही माती ऱ्हायाची नाय." कूड म्हणजे डोंगरावरच्या कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या विणून, त्यावर शेणमाती लिंपून केलेली भिंत. वाडीतली सगळी घरं तशीच होती. मी त्याला सांगितलं की आमचं गावचं घर मातीचंच आहे आणि साठ वर्षं जागचं हललेलं नाही. तो म्हणाला, "बरं हाय." त्या 'बरं हाय'चा अर्थ मला कळायला पुढचे तीन महिने लागले.

घरी आल्यावर मी शांताला म्हणालो होतो, की देवाचं घर म्हणजे काय झोपडी आहे, काठ्याकुड्यांची करायला? ती भाकरी थापत राहिली. खडकावर बांधलेल्या घराचा दाखला मी तोवर किती वेळा सांगितला असेल, मोजदाद नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि पाषाण तरी कुठला, कच्ची वीट.

शुक्रवारी उत्तरेची भिंतही बसली. रविवारी आमचे अधीक्षक येणार होते. उन्हाळ्यात मी त्यांना मोठ्या ऐटीत पत्र लिहिलं होतं की मंदिर उभं आहे, आपण यावं आणि अर्पणविधी करावा. खरं तर त्यांना एवढंच बघायचं होतं, की इथे मंडळी मूळ धरते आहे की नाही. धरत नसेल तर मला परत बोलवायचं आणि काम बंद करायचं, असं वरती ठरत आलं होतं. सातांपैकी दोन कुटुंबं चाळीतली मनाई झाल्यापासून यायची थांबली होती. आता छप्पर असून भिंती नसलेल्या जागेत, त्या झोडपणाऱ्या पावसात, उरलेली पाच किती रविवार आली असती? दाविद संध्याकाळी येऊन बघून गेला. पडलेल्या चिखलाकडे बघत म्हणाला, "पाळकसाहेब, आमच्या नशिबात चर्च नाही बहुतेक." त्याच्या मुलीचा बाप्तिस्मा त्याच रविवारी व्हायचा होता. तो गेल्यावर मला फार वाईट वाटलं. माझ्या हट्टाची किंमत दुसरेच मोजत होते.

मग मी प्रार्थनेला बसलो. तिला प्रार्थना म्हणावं की भांडण, कोण जाणे. तुझं घर मी बांधलं, तुला ते सांभाळता आलं नाही, असं मी देवाला मोठ्याने म्हणालो. शांता तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "घर त्याचं होतं, तर त्याला विचारून बांधलं असतंत." मी चिडून उठलो. संसाराच्या वीस वर्षांत मला तिच्या तोंडून अशी वाक्यं मोजकीच ऐकावी लागली, पण त्यांतलं एकही वाया गेलेलं नाही.

शनिवारी सकाळी मी अधीक्षकांना तार करायचं ठरवलं. 'येऊ नये' एवढेच शब्द. छत्री घेऊन निघालो, तर मंदिराजवळ वाडीकडून उतरणारी माणसं दिसली. चौदा-पंधरा असावीत. पुरुषांच्या खांद्यावर कारवीच्या मोळ्या, बायांच्या डोक्यावर शेणाच्या पाट्या, आणि सगळ्यांच्या पाठीवर पानांची इरली. लावणी ऐन भरात होती. त्या दिवसांत शेतावरून एक माणूस सुटला तरी राबातली तयार रोपं वाया जायची धास्ती असते, हे एव्हाना मलाही कळत होतं. सगळ्यांच्या पुढे कमळूबाबा होता, वाडीतला जाणता म्हातारा. त्याची माझी ओळख फक्त रस्त्यातली. पहिल्या भेटीतच त्याने मला 'तू' म्हटलं होतं आणि मला ते बोचलं होतं. पुढे कळलं की ते लोक मामलेदारालाही तूच म्हणतात आणि देवालाही.

मोळी टाकून कमळूबाबा पत्र्याखाली बसला आणि त्याने विडी पेटवली. बाकीचेही बसले. कामाला कोणी हात लावेना. मी जवळ गेलो तेव्हा त्याने विचारलं, "मास्तर, घर कुनाचं रं?"

"देवाचं," मी म्हणालो. हे उत्तर माझ्या तोंडी तयारच असायचं.

"देव काय हितं येऊन सांगायचा नाय. ज्याचं पडलं त्यानं सांगाया लागतं. आमच्यात तसंच हाय. न सांगता दुसऱ्याच्या घराला हात लावत नाय."

"मंडळीचं आहे," मी म्हणालो.

"कुटं हाय मंडळी?"

मंडळी पहिल्या पाळीला गेली होती. तो विडी ओढत शांतपणे बघत राहिला. त्याला घाई नव्हती आणि मला अडवण्यात मजाही वाटत नव्हती. त्यांच्यात रीतच तशी होती. वणव्यात जळो की वाऱ्याने उडो, घर गेलेल्या माणसाने सगळ्यांसमोर आपल्या तोंडाने सांगायचं, मगच चार हात लागतात. ज्याला सांगता येत नाही त्याचं घर पडकंच राहतं. मी छत्री मिटली. का मिटली ते सांगता येणार नाही, पण छत्री धरून ते बोलणं जमलं नसतं.

"माझं पडलं," मी म्हणालो.

"बरं. मंग?"

"मला बांधता येत नाही. राघोबाने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तुम्ही बांधून द्या."

पाळक झाल्यापासून मी हजारदा लोकांसमोर गुडघे टेकले असतील, पण त्या दिवशीसारखं एकदाही नाही. कमळूबाबाने विडी दगडावर विझवली, कानामागे ठेवली आणि उठला. "आता कसं," म्हणाला, आणि सगळे उठले.

घरमालकाने सूचना द्यायच्या नसतात, हाही त्यांच्यातला रिवाज. त्याने पाणी आणायचं आणि माती तुडवायची. मी धोतर वर खोचून शेणमातीत उतरलो. शेजारी हिरू, कमळूबाबाची सून, माती तुडवत होती. तिचं तान्हं शांताच्या मांडीवर होतं. मी तिला विचारलं, की लावणी सोडून तुम्ही कशा काय आलात? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मुद्दाम वेड पांघरतो आहे असं तिला वाटलं असावं. "बाईनं आमच्या खाचरात दोन दिस लावणी केली न्हाय का? मी बाळंतीन, हात कमी पडला व्हता. ती सावड फेडाया नगं?"

मला यातलं काही माहीत नव्हतं. ते दोन दिवस शांता बाळंतिणीला भेटायला जाते म्हणून गेली होती आणि लुगडं चिखलाने भरून आली होती. वाटेत पाय घसरला, असं तिने सांगितलं आणि मी ते मानलं. मी तिच्याकडे बघितलं. ती बाळाला थोपटत म्हणाली, "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता." ते खरं होतं. पाळकाची बायको परक्याच्या खाचरात वाकून लावणी करते, हे बघून लोकांना काय वाटेल, असंच मी म्हणालो असतो. मी ज्या गोष्टीला मज्जाव केला असता, नेमक्या तिच्याच वाटेने मदत चालत आली होती.

सावड म्हणजे कामाची फेड कामाने. दोन दिवसांची सावड फेडायला दोन माणसं पुरली असती. बाकीची डझनभर कशासाठी आली, ते मी विचारलं नाही. ती कारवी कमळूबाबाने दिवाळीनंतर स्वतःच्या घराचे कूड बदलायला तोडून, वाळवून ठेवली होती, हे तर मला फार उशिरा राघोबाकडून कळलं. त्याला मी चमत्कार म्हणत नाही. कोणी म्हटलं तर वादही घालत नाही. दुपार टळेपर्यंत दोन्ही बाजूंना कूड उभे राहिले, आतून लिंपणही झालं. लोकांनी भाकरी खाल्ली, इरली पाठीवर टाकली आणि ते पुन्हा शेताला गेले. तार करायची राहिली ती राहिलीच.

रविवारी अधीक्षक कर्जतहून खोपोलीच्या गाडीने आले. दाविद त्यांना स्टेशनवरून घेऊन आला. पाच कुटुंबं आली, थोड्या वेळाने, यायची थांबलेल्या दोन कुटुंबांपैकी एक आलं. ओल्या शेणमातीचा वास सगळ्या मंदिरात भरला होता. दोन भिंती नगरच्या, दोन ठाकरवाडीच्या, असा तो सगळा देखावा होता. अधीक्षक बराच वेळ कुडावरून हात फिरवत होते. "हे तुम्ही उभारलंत?" त्यांनी विचारलं. माझं पत्र त्यांच्या खिशात असणार, आणि होकार देणं सोपं होतं.

"मी उभारलेलं पडलं," मी म्हणालो. "हे दुसऱ्यांनी उभारलं."

"ते आलेत का उपासनेला?"

"नाही. त्यांची लावणी चालू आहे."

ते थोडे हसले. दाविदच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. अर्पणविधीत मी तयार केलेला उपदेश काढलाच नाही. काय घडलं तेवढं सांगितलं आणि बसलो. काम चालू ठेवावं, असं पत्र पंधरा दिवसांनी आलं.

पण मला जे शिकायचं होतं ते अजून राहिलं होतं. सोमवारी मी शांताबरोबर कमळूबाबाच्या खाचरात उतरलो. सावड आता माझ्याकडून फिटायची होती. रोपांची मूठ घेतली आणि बांधाकडून पुढे पुढे लावत निघालो. दहा-बारा पावलं गेलो असेन, तर पलीकडून कमळूबाबा ओरडला, "मास्तर, मागं बघ रं!" मी वळून बघितलं. मी लावलेली निम्मी रोपं माझ्याच पायांनी चिखलात गाडली होती. बाया हसून लोटपोट झाल्या, शांतासुद्धा. म्हातारा जवळ आला, माझे खांदे धरून त्याने मला उलटं फिरवलं आणि म्हणाला, "लावत लावत मागं सरायचं असतं. पुढं चालला तर आपलं आपुनच तुडवतो."

त्या मंडळीत मी पुढे अकरा वर्षं होतो. वाडीतलं कोणी ख्रिस्ती झालं नाही, आणि मी त्यासाठी त्यांच्यामागे लागलोही नाही. मंडळी मात्र वाढली. भजन दाविद घ्यायला लागला, आजाऱ्यांकडे शांता आणि इतर बाया जायला लागल्या, मंडळीचे पंच आपसात ठरवायला लागले, आणि दर वर्षी मी एखादं काम हातातून सोडत गेलो. सोडताना दर वेळी जिवावर आलं. माझी जागा घ्यायला तरुण पाळक आले तेव्हा निरोपाच्या उपासनेत मी शेवटच्या चटईवर, दाराजवळ बसलो होतो. पुढे गाणारे कोण कोण आहेत, ते तिथून मला पहिल्यांदाच नीट दिसलं. सगळी रोपं उभी होती. मी मनात देवाचे आभार मानले आणि दार हळूच ओढून घेऊन बाहेर पडलो.