पहिल्या शिफ्टच्या वेण्या

खडू झिजला की त्याचा तुकडा फरशीवर घासून टोकदार करायच्या. चहा बशीत ओतून प्यायच्या आणि बशी नेमकी टेबलाच्या कडेला ठेवायच्या. पोरांना नावाने नाही, गावाने हाक मारायच्या: "ए निलंगा, खिडकी लाव." मनगटात बांगड्यांच्या जागी केसांचे रबर. कंपनीचा भोंगा सुरू झाला की बोलता बोलता थांबायच्या, आणि तो संपला की त्याच शब्दापासून पुढे.

सुमनताई गेल्यापासून स्वरूपाला एवढंच आठवत होतं.

चाकणच्या कंपन्यांना लागून असलेल्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा. जमीनवाल्यांची मुलं पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातात. इथे येतात ती भाड्याच्या खोल्यांमधली, लातूर-बीडकडची. आई-बाप दोघंही पहिल्या शिफ्टला. उजाडायच्या आत कंपनीची बस त्यांना नेते आणि शाळा भरेपर्यंत पोरं कंटेनरच्या रस्त्यावर. म्हणून सुमनताई शेजारीच खोली घेऊन राहिल्या. भल्या सकाळी फाटक उघडायच्या आणि पायरीवर बसून मुलींच्या वेण्या घालायच्या.

स्वरूपा एम.ए. मराठी, नुकतीच शिक्षणसेवक म्हणून लागलेली. चिंचवडहून यायची. तिने एकदा विचारलं, "ताई, हे आपलं काम आहे का?"

"नाही गं. पण केस डोळ्यांवर आले तर फळा कसा दिसायचा?"

खिचडी शिजवणाऱ्या गोजाबाई हसल्या. "बाई, आधी ह्या म्याडमचेच केस बांधा. बसमधनं उतरल्या की भूतच दिसत्यात."

सुमनताईंनी खरंच बांधले. इतके घट्ट की घरी जाईपर्यंत स्वरूपाचं कपाळ ताणलेलं होतं.

मंगळवारी वेणी घालता घालता त्या पायरीवरच कलंडल्या. रुग्णवाहिका चौकातल्या गर्दीत अडकली. स्वरूपाची बस त्याच गर्दीत होती. मागे सायरन वाजत होता. कुणाचं तरी असेल, असं सगळ्यांसारखं तिलाही वाटलं.

केंद्रप्रमुख शोकसभेला आले. फोटोला हार घातला, चावी स्वरूपाच्या हातात दिली.

"मॅडम, वेळेआधी फाटक उघडायचं नाही. एखाद्या पोराला काही झालं तर जबाबदार कोण?"

"मग पोरं कुठे बसतील, सर?"

"तो पालकांचा प्रश्न आहे."

दुसऱ्या दिवशी स्वरूपाने पहाटेची बस धरली. तरी गर्दी लागलीच. ती पोचली तेव्हा पोरं भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात रस्त्याच्या कडेला गोजाबाई हात पसरून उभ्या होत्या.

"कवाधरनं हुभी हाय, म्याडम. एक बारकं पळालं हुतं रस्त्यात."

स्वरूपाने कुलूप काढलं. शाळेची वेळ झाली नव्हती. पोरं आत आली आणि सवयीने पायरीपाशी थांबली.

दुसरीतली दिव्या सगळ्यात पुढे होती. उजवीकडे घट्ट वेणी, धुळीने मळलेली. डावीकडचे केस मोकळे. त्या बाजूचा रबर मुठीत.

"आईलाबी हात लावू देत न्हाई," गोजाबाई हळूच म्हणाल्या.

स्वरूपा पायरीवर बसली. "ये, गेवराई."

दिव्या पाठ करून बसली. स्वरूपाने तीन बटा धरल्या. दोन वळसे पडले, तेही सैल.

"आमच्या बाई ओढून धरायच्या," दिव्या म्हणाली.

स्वरूपाने ओढून पाहिलं. मग भोंगा झाला, आणि तिचे हात थांबले. तो संपल्यावरही ते तसेच राहिले. डावी वेणी अर्धीच होती.