माझी माती, तिच्या बांधाशी

डोंगरउतारावर वरचं शेत माझं, खालचं धाकट्या जावेचं. सावलीत पीक येत नाही म्हणून मी माझ्या बांधावर एकही झाड ठेवलं नाही. तिनं मात्र तिच्या वरच्या बांधावर गिरिपुष्पाच्या झाडांची दाट रांग लावली. काल सर ओसरली तेव्हा माझ्या शेतातून निघालेलं लाल पाणी तिच्या झाडांतून नितळ होऊन बाहेर पडत होतं. लाली सगळी मुळांशी बसली होती, आणि दर पावसात साठत आलेल्या अशाच मातीत तिची नाचणी तरारली होती. पोटात दुखलं माझ्या.

"ताई, न्या की पाटीभर. तुमचीच आहे," ती म्हणाली.

मी खरंच नेली, हट्टानं, आणि माझ्या शेतात पसरली. आज पुन्हा सर आली. ती माती उतारावरून पुन्हा तिच्या बांधाकडे निघाली, माहेरी निघालेल्या पोरीसारखी, एकदाही मागे न बघता.